काळं दिसलं की घासायचं

एस्तेरनं ओट्यावरची बशी उचलली, खाली पाहिलं, मागे पाहिलं. बशी रिकामी होती. सकाळी तिच्यात तळहाताएवढा एक काळाकुट्ट तुकडा वाळत घातलेला होता.

"आई, इथला माझा इलेक्ट्रोड कुठाय?"

"आत्यांना विचार. त्याच आवरत होत्या."

एंजल आत्या मोरीपाशी पाट टाकून बसली होती. नाताळच्या फराळाला ती दरवर्षी श्रीरामपूरहून भिंगारला येई आणि करंज्यांना हात लावण्याआधी भावाचं स्वयंपाकघर घासून काढी. काळं दिसलं की तिचे हात शिवशिवत.

"ह्यो व्हय?" आत्यानं नळावरून काहीतरी काढून दाखवलं. चांदीसारखं चमकत होतं. "लई काळा पडला हुता. पन घासनी काय कामाची न्हाई बघ तुमची. चिंच लावून एक तवा घासला तर निम्मी झिजली."

एस्तेरनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

ती घासणी नव्हती. घासणीसारखी दिसणारी, स्पंजासारखी सच्छिद्र निकेलची जाळी होती. तिच्यावर कोबाल्टचा काळा थर चढवण्यात एस्तेरच्या पीएच.डी.ची सगळी मेहनत गेली होती. क्षाराच्या पाण्यात जाळी बुडवून वीज सोडली, की पाणी फुटून एकीकडे ऑक्सिजन, दुसरीकडे हायड्रोजन निघतो. उन्हाची वीज अशी हायड्रोजनमध्ये साठवून ठेवता येते. थर जितका चांगला, तितकी वीज कमी लागते. बाकीच्या सगळ्या तुकड्यांवरचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता. हा एकच टिकला होता. उद्या समितीसमोर तोच चालवून दाखवायचा होता, आणि फेलोशिप पुढे चालू राहायची की नाही हे त्यावर ठरायचं होतं. लॅबमध्ये रंगकाम निघालं, धूळ बसेल, म्हणून तिनं तो जपून घरी आणला होता. जपून.

"आत्या, विचारायचं तरी."

"घासायला काय इचारायचं गं? माज्या घरात असलं काळं दिसलं असतं तर तुज्या आतोबांनी मला उभं केलं नसतं."

"आई, तू तरी सांग हिला."

"एवढ्याशा तुकड्यापायी मोठ्या माणसांशी असं बोलतात का?" आई म्हणाली. "दुसरा कर."

दुसरा कर. जणू करंजीच फुटली होती. एस्तेरच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या घरात लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाहीत, त्या घरात विज्ञानाला चिंच लावून घासतात, असं ती खोलीचं दार लावून भिंतीला सांगत राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. पाठोपाठ आईचा आवाज.

"वन्सं, हा तवा कुणी घासला?"

"मीच की. लई काळा हुता."

"अहो, तो बिडाचा तवा आहे. तेल पिऊन पिऊन काळा झालेला. वर्षानुवर्षं मुरवलाय मी. बघा, धिरडं सुटेना."

"एवढ्याशा तव्यापायी मोठ्या माणसांशी असं बोलतात का?" एस्तेरनं दारातून विचारलं. आईनं उलथनं तिच्याकडे रोखलं.

"घासून द्या तर बोलनी खा," आत्या म्हणाली. "आता ह्या घरात चमच्याला हात लावनार न्हाई." दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निम्म्या करंज्या तशाच ठेवून निघून गेली.

एस्तेर तो चकचकीत तुकडा घेऊन कॉलेजात गेली. तिचे मार्गदर्शक नारायण सर यांनी तो उलटसुलट पाहिला.

"थर कुठाय?"

"आत्यानं घासला, सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाच लाव. निदान बुडबुडे तरी दिसू देत."

बुडबुडे दिसले. इतके दिसले, की समितीतल्या बाई चष्मा काढून भांड्यावर वाकल्या. काळ्या थराला कधी जमलं नव्हतं इतक्या कमी विजेत ऑक्सिजन उसळत होता.

"यात लोह आहे?" बाईंनी विचारलं. "कसं मिसळलंत?"

निकेलमध्ये लोखंड मिसळलं की हे काम सोपं होतं, हे एस्तेरनं वाचलं होतं. ते चिंचेच्या कोळात, बिडाच्या, म्हणजे लोखंडाच्याच, तव्यावर मिसळलं जातं, हे तिनं कुठेच वाचलं नव्हतं.

"यांत्रिक पद्धतीनं," सर घाईघाईनं म्हणाले.

"छान. मग पुढच्या महिन्यात असेच आणखी तुकडे करून दाखवा. तोवर फेलोशिप चालू."

एस्तेरनं बाजारातून बिडाचा नवा तवा आणला, चिंच आणली, मनगट दुखेस्तोवर नवी जाळी घासली. बुडबुडे आले, पण कसेबसे. पुन्हा घासली. तेच. ज्या आत्यानं आपलं वाटोळं केलं, तिच्यावाचून आपलं चालणार नाही, हा तिला चिंच लावण्यापेक्षा मोठा अपमान वाटला. शेवटी तिनं फोन लावला.

"आत्या, जरा यायला जमेल? तोच तवा घासायचाय. तू घासलास तसाच."

"मी न्हाई हात लावायची. मागल्या बारीला लई ऐकून घेतलं."

"चुकलं आत्या. आईपण तसंच म्हणते."

आई ओट्याशी तव्याला कांद्यानं तेल चोळत उभी होती. आता कुठे धिरडं सुटायला लागलं होतं. आपण असं काही म्हणालो नाही, हे तिनं मानेनं स्पष्ट सांगितलं.

"न्हाई म्हंजे न्हाई," आत्या म्हणाली. मग तिनंच हळूच विचारलं, "तवा परत काळा झालाय का गं?"

एस्तेरनं तव्याकडे पाहिलं.

"लई," ती म्हणाली.

"सकाळच्या यष्टीनं येते. पन बाई, ह्या बारीला घासनी जरा बरी आन."

फोन ठेवून एस्तेर वळली, तेव्हा ओट्यावर नुसता कांदा होता. आई आणि तवा, दोघंही मागच्या दारानं शेजारी गेली होती.