टायरबाबत हरकती मागवण्यात येत आहेत

शेवटी गाडीला चार नवे टायर बसले, आई त्या गाडीतून एक फेरी मारून आली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ही बातमी वाचकांनी वाचलीच नाही असं आपण धरून चालू. कारण गोष्ट सुरू होते त्या सकाळी यातलं काहीही झालेलं नव्हतं. गाडी इमारतीखाली कापडाने झाकलेली होती, बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि त्या चार महिन्यांत आई एकदाही जिना उतरली नव्हती.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. आठ सिलिंडर, पाचशे घोड्यांची ताकद, चामड्याच्या गाद्या, आणि पुढच्या सीटवर बसलं की पाठ चेपून देणारं यंत्र. चार सेकंदांत ताशी शंभरचा वेग गाठते असं तिच्या पुस्तकात छापलेलं होतं. बाबांनी ते कधी तपासून पाहिलं नाही. बाबांनी न तपासलेली जगातली ही बहुधा एकमेव गोष्ट. कारण ते वजनमापे तपासनीस होते. रस्त्यातून नुसते चालत गेले तरी दोन्ही बाजूंचे दुकानदार हातातल्या मापात चार दाणे जास्त टाकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बुडालेल्या बिल्डरची ही गाडी जुनी घेतली आणि ताशी तीसच्या वेगाने तिच्यातून भाजी आणायला जाऊ लागले. पाचशे घोडे आणि एक कोबी.

दोन वर्षांनी त्यांनी जाहीर केलं की टायर म्हातारे झाले आहेत, नवे निवडल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. नवे टायर सगळ्या ऋतूंत चालणारे हवेत. मग ते निवडायला बसले. तीन वर्षं निवडत होते. आणि निवडता निवडताच गेले.

आता मोठ्या मुलीने, म्हणजे ताईने, गिऱ्हाईक आणलं होतं. दातांचे डॉक्टर. त्यांची अट होती, टायर नवे हवेत. आईची अट वेगळी होती.

"टायर बसले की एकदा बसेन मी तिच्यात. मग विका, नाहीतर वितळवा," आई म्हणाली. "पण निवड रीतसर व्हायला हवी."

गाडी विकली काय, नाही विकली काय, धाकट्या मुलाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आई जिना उतरणार होती. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. अडकलेल्या माणसांना खाली आणणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. स्वतःच्या आईला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणणं मात्र चार महिन्यांत जमलं नव्हतं.

अडचण एकच होती, 'रीतसर' या शब्दाची. या घरात काहीही आणायचं तर बाबा फ्रिजवर सूचना लावत : 'अमुक वस्तू घेण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. निनावी चालेल.' एक जरी हरकत आली तरी निवड रद्द, नवी निवड, नवी सूचना, नवे पंधरा दिवस. घरात माणसं मोजून चार, तरी हरकत निनावी चालत असे. ताईचा नवरासुद्धा याच दाराने घरात आला. त्याच्यावर दोन हरकती आल्या. पर्यायी नवरा उपलब्ध नसल्याने दोन्ही वेळा त्याचीच फेरनिवड झाली, इतकंच. लग्न महिनाभर लांबलं. तो अजूनही फ्रिज उघडताना जरा दबकतो.

"ते गेले म्हणून नियम गेले नाहीत," आई म्हणाली. बऱ्याच घासाघिशीनंतर तातडीची बाब म्हणून तिने मुदत तीन दिवसांवर आणली.

मुलगा टायरवाल्याकडे गेला. टायरवाला साठीचा, हातांच्या रेषांत काळं रबर कायमचं मुरलेलं. त्याने काउंटरखालून वीतभर जाडीची फाईल काढली.

"साहेबांची," तो म्हणाला. "दर मंगळवारी अकराला फोन. एकशे बेचाळीस मंगळवार. हॉस्पिटलातले सोडून."

"मग शेवटी कुठला ठरला होता, काका?"

"ठरला असता तर तू इथे आला असतास का?" टायरवाल्याने चष्मा लावला. "ऐक. पुढच्या चाकांचं माप वेगळं, मागच्यांचं वेगळं. मागचे रुंद. पुढचा मागे नाही, मागचा पुढे नाही. आणि टायर ताशी तीनशेला टिकणारा लागतो."

"आम्ही तीसने चालवतो."

"ते टायरला माहीत नसतं ना." त्याने तीन कागद काढले. "सगळ्या ऋतूंचे तीन आहेत. हा पावसात रस्ता धरून ठेवतो, पण ओरडतो. हा गप्प असतो, पण लवकर झिजतो. आणि हा वर्षानुवर्षं टिकतो, पण वेळेवर थांबत नाही."

घरी येऊन मुलाने हे आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"तिसऱ्यातले तुझे आजोबा," ती म्हणाली.

मुलाने दुसरा, गप्प टायर निवडून त्याच्या कागदासह सूचना लावली. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तर फ्रिजवर वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी : 'हरकत. इतकी जड गाडी इतकी गप्प आली तर रस्त्यातल्या माणसाला कळायचं कसं?'

हरकतीत तथ्य होतं. त्याने पहिल्या, ओरडणाऱ्या टायरची सूचना लावली. 'हरकत. नक्षी मगरीच्या पाठीसारखी आहे. बघून भीती वाटते.' त्याने तिसऱ्याची लावली. 'हरकत. हा टायर साठ हजार किलोमीटर टिकेल असं लिहिलं आहे. कोण टिकणार आहे एवढं?'

या हरकतीपुढे मुलगा बराच वेळ उभा राहिला. फ्रिज कुरकुरायला लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दार उघडंच आहे.

तीन टायर, तीन हरकती. म्हणजे नियमाने आता चौथा शोधणं आलं. टायरवाल्याने बाहेरून मागवून चौथा, पाचवा आणि सहावाही दाखवला. चौथ्याचं नाव उच्चारता येत नाही, अशी हरकत आली. पाचव्याच्या कागदावर तो बनल्याचा आठवडा छापलेला होता आणि नेमक्या त्या आठवड्यात समोरच्या घरातल्या आजी पडल्या होत्या. सहाव्यावर हरकत होती, 'सध्या मनःस्थिती नाही.' तिकडे दातांचे डॉक्टर ताईला रोज फोन करत होते. त्यांची महिनाअखेरपर्यंतचीच तयारी होती. मुलाने ताईला फोन लावला.

"ताई, हरकती तू घेतेयस का?"

"अरे, मी ऐंशी किलोमीटरवर आहे. हरकत घ्यायला रोज येऊ का?"

"मग कोण?"

"घरात कोण कोण आहे?"

"मी आणि आई."

"म्हणजे तूच. लहानपणी स्वतःच्या सायकलवर हरकत घेतली होतीस, विसरलास? चाकं दोनच आहेत म्हणून."

"आई घेत असेल असं नाही वाटत तुला?"

"आई?" ताई हसली. "आईने आयुष्यात कधी कशाला हरकत घेतलीय? बाबांच्या या सूचनांनासुद्धा नाही."

मुलालाही ते पटलं. सातव्या सूचनेच्या दुसऱ्या दिवशी मात्र एका इमारतीतली लिफ्ट आपली आपणच दुरुस्त झाली आणि तो दुपारीच घरी आला. आई फ्रिजला टेकून उभी होती. दारावर कागद ठेवून डाव्या हाताने लिहीत होती. जीभ दातांत धरलेली.

"आई, तू डावरी कधी झालीस?"

आई दचकली नाही. तिने शब्द पुरा केला. "अक्षर ओळखू येऊ नये म्हणून."

"अगं, घरात आपण दोघंच आहोत!"

"असू देत. नियम निनावीचा आहे."

मुलाने खुर्ची ओढली. "आधीच्या पण तुझ्याच? बाबांच्या तीन वर्षांतल्या?"

आईने पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही हे दोनदा पाहिलं.

"यांचं हृदय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गाडी चालवताना केव्हाही डोळ्यांपुढे अंधारी येईल, चालवू देऊ नका. आता यांना 'चालवू नका' कोण सांगणार? त्या गाडीकडे बघायचे तेव्हा चेहरा कसा व्हायचा, पाहिलायस ना? म्हणून हरकत घेत गेले. टायर ठरायला नकोत. बिचारे दर वेळी चिठ्ठी वाचायचे, 'रास्त आहे' म्हणायचे आणि परत फाईल घेऊन बसायचे. तीन वर्षं फसवलं मी त्यांना. शेवटी एक फेरीसुद्धा मारू दिली नाही."

"पण आता कशाला घेतेस?"

"आता?" आईने ओट्यावरून फडका फिरवला. ओटा स्वच्छच होता. "टायर निवडायचे बाकी आहेत तोवर वाटतं, खाली गेलेत. फाईल घेऊन. येतील."

मुलाने खुर्ची जागेवर सरकवली. तो उठून सरळ टायरवाल्याकडे गेला. दुसरं कुठे जावं हे त्याला कळेना. वार मंगळवार होता, पण अकरा कधीच वाजून गेले होते. टायरवाल्याने स्टूल पुढे केलं. मुलाने सगळं सांगितलं. ऐकताना टायरवाला हातातल्या टायरच्या खाचांतून एक खडा काढत बसला होता. खडा निघाल्यावर त्याने तो खिशात ठेवला.

"तुला आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला आणि ओशाळला. "म्हणजे, सांगतो. साहेबांना टायर घ्यायचेच नव्हते. पहिल्याच मंगळवारी म्हणाले होते. डॉक्टरांनी त्यांनाही बाजूला घेऊन सांगितलं होतं."

"काय?"

"हेच. चालवू नका. साहेब म्हणाले, बायकोला कळलं तर हाय खाईल. त्यापेक्षा टायरवर अडलंय असं वाटू दे."

"आणि हरकती?"

"पहिल्या हरकतीचा कागद मला आणून दाखवला त्यांनी. तीस वर्षं दुकानदारांच्या खोट्या वह्या वाचलेला माणूस, बायकोचा डावा हात ओळखणार नाही? म्हणाले, 'हिला कळलंय. पण मला कळलंय हे हिला कळता कामा नये.' खूश होते रे. म्हणाले, 'मला कारणं सुचत नव्हती, ती पुरवतेय.' मग दर मंगळवारी फोन. टायरचं बोलणं पाच मिनिटं. बाकी वेळ हरकत वाचून दाखवायचे. हसायचे." टायरवाल्याने हातातला टायर भिंतीला टेकवला. "मी एक टायर विकला नाही त्यांना. पण अकरा वाजले की अजून फोनकडे बघतो."

मुलगा घरी आला तेव्हा आई सातवी हरकत चुंबकाखाली नीट लावत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मधे थांबला असता तर पुढे सांगता आलं नसतं.

आईने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे यांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मगरीच्या पाठीची हरकत मी तेव्हाही घेतली होती. 'रास्त आहे' म्हणाले मला! तोंड एवढं गंभीर करून!"

"हो."

"डांबरट," आई म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. हसणं बरंच लांबलं आणि मध्येच कुठेतरी त्याचं दुसरंच काहीतरी झालं. मुलगा पाणी घेऊन आला. अर्धा पेला पिऊन तिने पदराने तोंड पुसलं.

"तो ओरडणारा टायर बसव," ती म्हणाली. "गप्प बसणाऱ्याबरोबर बेचाळीस वर्षं काढली."

शनिवारी टायर बसले. टायरवाला स्वतः हवा भरायला आला आणि भरलेली हवा त्याने तीन वेळा मोजली. साहेबांनी एकदाच मोजलेली चालवून घेतली नसती, म्हणाला. आई कठड्याला धरत जिना उतरली. तीन मजले, प्रत्येक वळणावर जरा थांबत. पुढच्या सीटवर बसली. सीटने पाठ चेपायला सुरुवात केली तेव्हा "कोण आहे?" म्हणून दचकली.

मुलगा तीसनेच चालवत होता. गावाबाहेरचा रस्ता लागला. सरळ, रुंद, समोर चिटपाखरू नाही.

"किती पळते म्हणालास?" आईने विचारलं.

"चार सेकंदांत शंभर."

"बघू."

मुलाने पट्टा तपासला, आरसे तपासले आणि पाय दाबला. आई पाठीमागे गादीत रुतली. टायर ओरडले. चार सेकंद झाले, मुलाने पाय काढला, गाडी हळूहळू शांत झाली. आईचा अंबाडा सुटला होता.

"एवढं होतं होय हिच्यात," ती म्हणाली. "आणि हा माणूस कोबी आणायचा."

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. टायर मात्र बोलत होते.

पुढच्या आठवड्यात गाडी दातांच्या डॉक्टरांच्या नावावर करायला ती मुलाबरोबर परिवहन कार्यालयात गेली. आपल्या पायांनी. कागद चाळताना बाबांचा गाडी चालवण्याचा परवाना तिच्या हाती आला. महिनाअखेरीस त्याची मुदत संपत होती. तिने कारकुनाकडून एक कोरा कागद मागून घेतला, बाकावर बसली आणि उजव्या हाताने, स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. कारकुनाने तो वाचला, आईकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि दुसरं काय करावं ते न सुचल्याने त्यावर 'पोचला'चा शिक्का मारला. अर्ज असा होता :

'मा. परवाना अधिकारी यांस, सादर विनंती की, सोबत जोडलेल्या परवान्याची मुदत आणखी तीन वर्षे वाढवून मिळावी. परवानाधारक माझे पती असून, डोळ्यांच्या तपासणीस ते स्वतः हजर राहू शकणार नाहीत. तथापि त्यांना सगळे दिसत होते, अशी मी खात्री देते. त्यांनी गाडी चालवण्यास खाली सही करणारीची आता कोणतीही हरकत नाही.'