भिंतीनं विचारलं

यंत्र सोमवारी दुपारी हरवलं आणि त्याच संध्याकाळी बैठकीच्या खोलीतली भिंत बोलली.

"आत्ता तुला कसं वाटतंय?"

बाईचा आवाज, हलका, अगदी कानाशी आल्यासारखा. आईच्या हातातलं पातेलं निसटलं. आजोबांनी पेपरमागूनच विचारलं, "कोणाला?"

उलगडा व्हायला दुसरा प्रश्न यावा लागला. नऊ वर्षांची भिंगरी दिवसाला पाच तास टॅबलेटवर असायची. पडद्यासमोरचा वेळ आणि मुलांचं मन यांचा संबंध मोजणाऱ्या संशोधक ताईंनी तिच्यासाठी साबणाच्या वडीएवढं यंत्र दिलं होतं. ते दिवसातून सहा वेळा हाच प्रश्न विचारायचं, मिनिटभर थांबायचं आणि येईल ते उत्तर टिपून घ्यायचं. भिंगरीनं ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि सुतारानं त्यावरून फळ्या ठोकल्या.

"उद्या येऊन काढतो," सुतार फोनवर म्हणाला. पुढे आठवडाभर तो हेच म्हणत होता.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी त्यांचं तिसावं मूल. एक जरी कमी भरलं तर वर्षभराचं काम पुन्हा. "तिला भिंतीजवळ जाऊन मोठ्यानं उत्तर द्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी कुणी बोललंच, तर तो आवाज कोणाचा, ते मला लिहावं लागतं. अनोळखी आवाज निघाला की मूल बाद."

भिंगरी खूश. टॅबलेट सोफ्यावर पडून राहिला आणि ती भिंतीला कान लावून बसू लागली. मोठी माणसं मात्र त्या भिंतीपासून हातभर लांबून चालायची. निदान एकमेकांसमोर तरी.

आठव्या दिवशी सुतार उगवला. फळी निघाली, यंत्र निघालं. ताईंनी ते लॅपटॉपला जोडलं आणि सगळे ऐकायला बसले.

"मस्त. भिंत बोलतेय." ही भिंगरी. मग एक कुजबुज : "साहेब आज परत सगळ्यांसमोर बोलले मला."

"अहो, हे तुम्ही?" आईनं विचारलं.

"तोंडातून निघून गेलं," बाबा म्हणाले.

पुढचा आवाज आजोबांचा. "गुडघा दुखतोय. सून गुणाची आहे, पण चहा पाणचट करते."

आईनं नुसतं पाहिलं. "यंत्रानं विचारलं," आजोबा म्हणाले. "यंत्राशी काय खोटं बोलायचं?"

"सगळे खाली गेलेत," यंत्रातून आई म्हणाली. "दहा मिनिटं बसते तुझ्याजवळ." यावर कुणी थट्टा केली नाही.

ताई हसू दाबत एकेका आवाजापुढे नातं लिहीत गेल्या. गुरुवार, दुपारी एक.

"बरं वाटतंय." आवाज बारीक होता, सावकाश. "इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं."

ताईंनी पुन्हा लावलं. तेच.

"गुरुवारी दुपारी घराला कुलूप होतं," बाबा म्हणाले. "भिंगरीच्या दातासाठी आम्ही सगळेच दवाखान्यात."

"मग शेजारी असतील."

"चौथा मजला आहे, ताई," सुतार म्हणाला. "या भिंतीपलीकडे नुसती हवा." बोलता बोलता तो दोन पावलं मागे सरकला.

ताई शास्त्र शिकलेल्या. प्रतिध्वनी, दुसऱ्या यंत्राची लहर, फायलींची सरमिसळ, असं सगळं त्यांनी मनात तपासलं. पण रकान्याचं नाव 'नातं' होतं आणि यातलं काहीच त्यात बसत नव्हतं. तो रिकामा सोडला तर तिसावं मूल गेलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

आई फळीमागच्या अंधाराकडे बघत होती. "घरातलंच लिहा," ती हळूच म्हणाली. "परकं केलं असं वाटायला नको."

ताईंनी तसं लिहिलं. तीस मुलं भरली. सुतारानं लांबूनच हात पुढे करून फळी जागेवर टेकवली, तेव्हा भिंगरी म्हणाली, "काका, जरा फट ठेवा."