इंग्रजीतला शिपाई

आमच्या वसाहतीतले गांगुर्डेमामा माझ्या क्रांतीच्या पाठीवर इंग्रजी लिहीत. आम्ही पोरं वर्गणी काढून सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो आणि घरोघर टाकायचो. मामा समोरची बाजू वाचतच नसत. मागची कोरी बाजू बघून खूश होत.

"काय रे पत्रकवाल्या, जरा जाड कागद घे की. शाई फुटते."

माझा संताप व्हायचा. पुढे शोषणाविरुद्धचे माझे जळजळीत शब्द, आणि मागे गेट अप, गेट डाउन, गेट वेल, गेट मॅरीड! मामा एका सरकारी कचेरीत शिपाई होते आणि 'गेट' या एकाच क्रियापदाचे उपयोग जमवत होते. साहेबांच्या टोपलीतला पेपर, औषधाच्या खोक्यातला कागद, लेणी बघायला आलेले गोरे पाहुणे, कुठूनही. एकदा सिन्नरच्या एसटीत शेजाऱ्याच्या पुस्तकात त्यांना नवा 'गेट' दिसला. त्या नादात दोन थांबे पुढे गेले आणि उन्हातून चालत परत आले.

"सगळं इंग्रजी सोडून हे एकच का, मामा?"

"अरे, गेट म्हणजे इंग्रजीतला शिपाई. आणायला तोच, पोचवायला तोच, उठवायला तोच. ह्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. हा एक आपला झाला की बाकीचे ओळख देतात."

यादीत पहिला होता 'गेट आउट'. त्याच्यापुढे लिहिलं होतं: नोकरीचा पहिला दिवस.

सगळी धडपड सुनीतासाठी होती. मॅट्रिक झालेल्या या लेकीची नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत होती. आठ दिवस उरले तसं मामांचं जेवण कमी झालं. नळावर, पिठाच्या गिरणीत, भेटेल त्याला विचारत, "इंग्रजीत विचारलं आणि पोरगी गप्पच राहिली तर?"

ते स्वतः एकदा क्लार्कच्या मुलाखतीला गेले होते. "साहेबानं काहीतरी विचारलं," ते सांगत. "काय, ते अजून कळलं नाही."

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. "तू साहेब हो. सुनीताला विचार."

मी तत्त्वानेच साहेबांच्या विरुद्ध. तरी खुर्चीत बसलो. समोर शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्चीवर सुनीता, बाजूला खाटेवर मामा. मी आवाज चढवला, "व्हेन डू यू गेट अप?"

सुनीताने तोंड उघडलं, तेवढ्यात मामा ताडकन उठले. टाचा जुळलेल्या, हात पुढे बांधलेले. त्यांना बघून तीही उठली आणि उत्तर विसरली.

"तू बस ना गं!" मामा उभ्यानेच म्हणाले.

पुन्हा विचारलं. पुन्हा दोघं उभी. तिसऱ्यांदाही तेच. मला आधी हसू आलं, मग येईना.

"मामा," मी म्हणालो, "तिला गेट येतं. तिला साहेबासमोर बसता येत नाही."

मामा यादीच्या पत्रकांचा गठ्ठा सारखा करू लागले. "ते कोण शिकवणार? मी बावीस वर्षं दाराबाहेर स्टुलावर. बेल वाजली की उभा."

मग आठवडाभर रोज तालीम झाली. मी आवाज चढवला की मामा दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवत. कपाळावर घाम यायचा, पण उठत नसत. चौथ्या दिवशी सुनीता बसल्या बसल्या बोलली.

मुलाखतीच्या दिवशी मी सोबत गेलो. बाहेरचा बाक रिकामा होता, पण मामा गठ्ठा छातीशी धरून उभेच. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. दार जरा वाजलं की ते दचकायचे.

शेवटी सुनीता बाहेर आली. मला वाटलं, आता मामा विचारणार, कुठला गेट आला?

"टेकून बसलीस?" मामांनी विचारलं.

"हो, बाबा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. आणि मी बोलले पण."

मामांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. मग त्या बाकावर बसले आणि हळूच भिंतीला पाठ टेकली.