लहान आहे की लहान असते?

वजनाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही. सरकार मला त्याचाच पगार देतं. वजनमापे खात्यात निरीक्षक आहे मी. मी दुकानात शिरलो की आधी दुकानदाराचा चेहरा उतरतो आणि मग काट्याचं पारडं. बटाट्याची पिशवी नुसती उचलून तिचं वजन सांगणं हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. उजव्या हाताने मी तेवढ्यात पंचनामा लिहीत असतो.

अशा मला एका मांजरीने वजनाच्याच विषयात नापास केलं. तीही कशी मांजरी, तर कोटाच्या खिशात मावेल एवढी!

मांजरी माझ्या ताईची. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने हाक मारली की मी अजूनही उभा राहतो आणि मग हाक कशासाठी मारली ते ऐकतो. तिला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी परगावी जायचं होतं. खाली टॅक्सी उभी, टॅक्सीवाला हॉर्न वाजवून बिल्डिंग जागी करतोय, आणि ताई दारात एक वेताची टोपली घेऊन हजर!

"ही टाचणी," टोपली माझ्या हातात कोंबत ती म्हणाली. "जात सिंगापुरा. अतिशय दुर्मीळ. फार लहान..."

पोंऽऽऽ!

"...खायला मोजून दे. उंचावर चढली तर आरडाओरडा करू नकोस. आणि माझ्या माघारी हिचे हाल करू नकोस!"

लिफ्टचं दार मिटलं आणि ताई गेली.

मी टोपलीचं झाकण उघडलं. आतून दोन डोळे बाहेर आले. त्यांच्यामागून दोन कान. आणि बऱ्याच वेळाने, विसरलेलं सामान आणायला परत गेल्यासारखी, उरलेली मांजरी. रंग म्हणाल तर जुन्या पोत्यासारखा. अंगावरचा एकेक केस अर्धा पांढुरका, अर्धा तपकिरी. चेहऱ्याचा निम्मा भाग डोळ्यांनी अडवलेला, उरलेल्यात नाक-तोंडाने कशीबशी अडचणीत सोय करून घेतलेली. तिने माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, छान मोठा आ केला आणि मिटलं. आवाज शून्य!

"अरे देवा, हिला तर म्यावसुद्धा करता येत नाही," मी म्हणालो. "किती लहान आहे बघ! आईचं दूध तरी सुटलं असेल का?"

"पिल्लू नाहीये ते," बायको म्हणाली. "ताई म्हणाल्या ना, फार लहान असते. जातच लहान."

"ताई म्हणाली, फार लहान आहे."

"असते!"

"आहे! मी तिचा सख्खा भाऊ आहे. तिच्या हाताखाली व्याकरण शिकलोय."

"म्हणूनच म्हणते, फोन करून विचार."

फोन? ताईला? 'मी बोलत होते तेव्हा लक्ष कुठे होतं?' हा प्रश्न मी शाळेत बाकावर उभा राहून पुरेसा ऐकला होता. बायकोने मग मोबाईलवर सिंगापुरा मांजरींचे फोटो शोधून दाखवले. हुबेहूब टाचणी!

"फोटोत काय कळतं?" मी म्हणालो. "फोटोत आमचे साहेबही उंच दिसतात."

मी टाचणीला तळहातावर घेतलं. दोन किलो. वर एखादा बिस्किटाचा पुडा. माझा निकाल लागला. हे कुपोषित पिल्लू होतं. ताईने शिस्तीच्या नावाखाली बिचारीला उपाशी मारलं होतं! ती परत येईपर्यंत मी हिला चांगली मांजराएवढी मांजर करून दाखवणार होतो.

दुसऱ्या दिवसापासून खुराक सुरू झाला. सकाळी दूध, दुपारी मासे, संध्याकाळी कोंबडी, आणि अधूनमधून चव बदलावी म्हणून लोणी. टाचणीने एकदाही नाही म्हटलं नाही. ती माझ्या खांद्यावर बसायची आणि घरातल्या प्रत्येक कामावर देखरेख करायची. दाढी करताना आरशात आम्ही दोघं. भांडी घासताना नळाखाली तिचा पंजा. शांत बसावं म्हणून पेपर उघडला, तर बातमीच्या मधोमध तीच. इतकी माणसाळलेली, इतकी चौकस आणि इतकी गुपचूप मांजर मी जन्मात पाहिली नव्हती. दिवसभर आ वासायची, पण आवाज असा की मुंगीने कानात कुजबुजावं! घसा बसला असेल म्हणून मी दूध कोमट करून द्यायला लागलो.

पण वाढ? छे! उंची तीच, लांबी तीच. गळ्याचा पट्टा मात्र रोज थोडा घट्ट व्हायचा. 'पट्टा आटला असेल,' मी म्हणालो.

आता घरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. धंद्यातला माणूस मी! म्हणून मी टाचणीला कापडी पिशवीत घालून रोज ऑफिसात न्यायला लागलो. सगळे यायच्या आत तिला आमच्या मोठ्या काट्यावर ठेवायचं, वजन बघायचं आणि मग टेबलाखालच्या खोक्यात झोपवायचं. एव्हाना मी तिला बाळच म्हणायला लागलो होतो. झोपाळू बाळ, कोणाला कळत नव्हतं.

कोणाला कळत नव्हतं म्हणजे, निराळंच कळत होतं.

एकदा मला जांभयांवर जांभया येत होत्या. साहेबांनी विचारलं, "काय हो, झोप नाही झाली?"

"बाळाने झोपू दिलं नाही साहेब. पहाटेपासून छातीवर चढून बसलं होतं."

साहेब चपापले. मग त्यांचा चेहरा लोण्यासारखा विरघळला. "अहो, बोलला नाहीत कधी! तब्येत ठीक ना बाळाची?"

"वाढच होत नाही हो."

"अंड्याचा बलक द्या! माझ्या तिन्ही पोरांना मीच दिलाय. बघता बघता बाळसं धरेल."

एवढ्या मोठ्या माणसाने मांजराची इतकी आस्थेने चौकशी करावी! मला भरून आलं. त्या दिवसापासून खुराकात बलक वाढला. पुढच्या आठवड्यात टायपिंग विभागातल्या बाईंनी स्वतः विणलेलं गुलाबी टोपडं आणून दिलं. मी आभार मानले. कानांना भोकं ठेवायला विसरल्या एवढंच मला खटकलं.

आणि मग ती सुनावणी आली.

बाजारातल्या एका किराणा दुकानदाराचं साखरेचं पोतं मी जप्त केलं होतं. वर छापलेलं वजन आणि आतली साखर यांच्यात चांगली दोन किलोंची तफावत! दुकानदार मोठा बेरकी. "तुमचाच काटा खोटा," म्हणत थेट साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, सर्वांदेखत पुन्हा वजन करू. माझ्या इज्जतीचा प्रश्न होता, पण मी निर्धास्त होतो. काटा माझा, शिक्का माझा, पोतं कमी भरणार म्हणजे भरणारच!

दोघा हमालांनी पोतं काट्यावर टेकवलं. साहेबांनी चष्मा चढवला. आकडे फिरले, थांबले.

पोतं अर्धा किलो जास्त भरलं!

"बघा!" दुकानदार ओरडला. "मी गिऱ्हाईकांना पदरची साखर वाटतोय आणि हे मला चोर म्हणतात!"

"पुन्हा बघा," साहेब म्हणाले. तेवढ्यात आकडा आपोआप खाली आला. मग वर गेला. मग थरथरला. कोणी हात लावलेला नाही, वारा नाही, आणि काटा आपला मनाला येईल ते वजन सांगतोय!

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "अहो, या काट्यावर पडताळून आपण सगळ्या बाजाराचे काटे पास केले! म्हणजे सगळेच चुकीचे? सगळे परत तपासायचे? मला वरती कळवावं लागेल!" त्यांनी फोन उचलला.

 मी काट्याकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं की पोत्याला कान आहे.

पोत्याच्या मागे, काट्याच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. त्या उन्हात, पोत्याच्याच रंगात, टाचणी बसली होती! खोक्यात निजवलेली बया गर्दी दिसताच देखरेखीला आली होती. ती इकडे रेलली की आकडा वर, पंजा खाली टेकला की आकडा खाली. मी खाकरलो. चुटक्या वाजवल्या. पायाने टेबलाचा पाय खाजवला. दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायला लागला. टाचणीने मात्र मला ओळखून प्रेमाने आ केला. अर्थात बिनआवाजी!

साहेब फोनवर म्हणत होते, "हॅलो, संचालक साहेबांना द्या..."

"साहेब, थांबा!" मी किंचाळलो. "काटा चांगला आहे! पोत्यामागे माझं बाळ बसलंय!"

ऑफिसात टाचणी पडली असती तरी आवाज झाला असता. साहेबांनी फोन ठेवला. "बाळ? काट्यावर? एवढंसं लेकरू तुम्ही असं एकटं सोडलंत?" ते धावत पोत्यामागे गेले आणि मागे जाऊन नुसतेच उभे राहिले. टायपिंगच्या बाईही धावल्या. त्यांच्या तोंडून आलेला आवाज मला इथे लिहिता येणार नाही.

टाचणीला उचलताच आकडा झरकन खाली आला. साखर दोन किलो कमीच होती! दुकानदाराने मान खाली घातली, पण जाता जाता म्हणाला, "साहेब, माझ्या साखरेत निदान मांजर तरी नसतं!"

 साहेब म्हणाले, "आत्ताच्या आत्ता हिला डॉक्टरांकडे न्या. मी पण येतो. बलक मी सांगितला होता."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टाचणीला टेबलावर ठेवलं, दात बघितले, पोट चाचपलं.

"डॉक्टर, हे पिल्लू वाढत का नाही?" मी विचारलं.

"कुठलं पिल्लू?"

"हेच!"

"हे?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "ही सात वर्षांची प्रौढ मांजरी आहे! या जातीत माद्या एवढ्याच होतात. हिची वाढ कधीच पूर्ण झाली. तुम्ही करताय ते भरतकाम! काय खायला घालता?"

मी सांगत गेलो. बाईंच्या भुवया वर जात गेल्या. लोण्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि अंड्याचा बलक? हा कुठल्या शहाण्याने सांगितला?"

साहेब भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसीकरणाचं पत्रक अतिशय मन लावून वाचत होते.

"पण डॉक्टर, हिचा आवाज?"

"हळूच बोलतात या. सुसंस्कृत जात आहे," बाई म्हणाल्या. "माणसाच्या हिशोबात ही तुमच्याहून वडील असेल. तीन आठवडे मोजून खाणं, आणि व्यायाम!"

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हणाली नाही. तिने त्याहून वाईट केलं. आयुष्यभर मला अरे-तुरे करणारी माझी बायको मांजरीला अहो-जाहो करायला लागली! "अहो, जरा सरकता का? मला बसायचंय." आणि माझ्याकडे वळून, "ए, ऊठ, त्यांना उशी दे."

ताईला यायला तीन आठवडेच उरले होते. मी व्यायाम सुरू केला. दोरीला चिंधी बांधून मी सबंध घरभर पळायचो. टाचणी कपाटावर बसून बघायची. आमच्यापैकी एकाला व्यायाम नक्की होत होता. जेवणाची तर त्याहून तऱ्हा! मी घास उचलला की अर्ध्या वाटेत पंजा, आणि घास तिचा. पानात काही वाढलं की मांडीवर मांजरी, आणि ते दोन डोळे! दीड महिना लाड केलेल्या जिवासमोर बसून मला घास उतरेना. बायको बाहेर जेवून यायची. मी पाणी पिऊन उठायचो.

ताई आली. तिने टाचणीला उचललं आणि तिचा हात मध्येच थांबला.

"ही जड लागतेय."

"केस वाढलेत गं."

"आखूड केसांची जात आहे ही!"

 आता छडी येणार म्हणून मी हात मागे घेतले. पण ताई माझ्याकडेच निरखून बघत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला.

"आणि तू असा वाळून का गेलास रे? गालफडं बसलीत तुझी! तुझ्या तोंडचा घास काढून हिला भरवलास की काय?"

खोटं बोलायला सवडच नव्हती. होतं ते खरंच होतं. मी मान हलवली. ताईचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच! तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. बायको पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ताईला वाटलं, तिलाही गहिवरून आलं.

"ठरलं!" डोळे पुसत ताई म्हणाली. "पुढल्या महिन्यात मला पुन्हा तीन महिने जायचंय. टाचणीला मी आता दुसऱ्या कोणाकडे ठेवणारच नाही. आणि हिला जोडीला एक बोकाही घेतेय. तोही तुझ्याकडेच राहील. इतका जीव दुसरं कोण लावणार?"

मी उभा राहिलो. "हो ताई," म्हणालो.

बायकोने त्याच संध्याकाळी माझ्या सगळ्या पँटी गोळा केल्या आणि शिंप्याकडे निघाली.

"हे काय?" मी विचारलं.

"कमरेत घट्ट करून आणते," ती म्हणाली. "आता तू पुन्हा भरशील अशी काही आशा दिसत नाही."