शाल, नाक आणि टीव्हीवरचे डोळे

"लिही," आमचे हे म्हणाले. "घारीला चष्मा लागावा अशी नजर. गुन्हा घडायच्या आधी त्याचा वास घेणारं नाक. असा गुप्तहेर शतकात एकदाच होतो."

मी लिहिलं. याच नाकाखाली सकाळी दूध उतू गेलं होतं, ते तेवढं वगळलं. केसेसची नोंदवही मी ठेवते. आजवर तेरा केसेस. पैकी सुटलेल्या चार, त्याही आपोआप.

चौदावी केस शिवणकामाच्या दुकानातून आली. दुकान दोघी बहिणींचं. थोरली टीव्हीवरच्या गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये गायली आणि धाकटी प्रेक्षकांत बसली होती. कार्यक्रम लागला तेव्हा अख्ख्या गल्लीने पाहिलं: थोरली डोळे मिटून गातेय आणि धाकटी वैतागून डोळे फिरवतेय. तेव्हापासून थोरलीने अबोला धरलाय. दुकानात मधोमध पडदा लागलाय, कात्र्यासुद्धा वाटून झाल्यात, आणि एक तारखेपासून थोरली वेगळं दुकान थाटणार.

"काका, ताई गात होती तेव्हा मी रडत होते हो," धाकटी म्हणाली. "ते दृश्य बनावट आहे, एवढं सिद्ध करा."

ह्यांनी डोळे बारीक केले. "तुला जुळी बहीण आहे?"

"नाही."

"असं तुला सांगण्यात आलंय."

ही शंका घेऊन हे तिच्या आईकडे गेले आणि चहा न घेता परतले. दुसरा तर्क, पापण्यांना अदृश्य दोरा बांधला असणार. त्याचा प्रयोग माझ्यावर होणार होता. मी लाटणं हातात घेतल्यावर तर्क मागे पडला. मग हे वेश पालटून, म्हणजे माझ्या भावाची टोपी घालून, वाहिनीच्या कचेरीत शिरले आणि स्वयंपाकाच्या स्पर्धेत नाव नोंदवून आले. ह्यांना पाणी उकळलं की नाही हे मला विचारावं लागतं.

शेवटी शनिवारी ह्यांनी सगळ्या संशयितांना दुकानात जमवलं. सगळे म्हणजे त्या दोघी आणि मी. थोरली पडद्याआडून मशीन चालवत राहिली. ह्यांनी पडदा बाजूला सारला आणि मोबाइलवर ते दृश्य लावून व्याख्यान सुरू केलं. बोलण्याच्या भरात अंगठा भलतीकडे पडला आणि चित्र जागच्या जागी थांबलं.

"नाकाची सावली बघा," हे सावरून घेत म्हणाले. "डावीकडे. म्हणजे गुन्हेगार डावखुरा."

थोरलीने मशीनवरूनच मान वळवली. शिंप्याची नजर आधी कपड्यावर जाते. "शाल कुठाय?"

"कसली शाल?"

"माझी. तिथे एसीने हुडहुडी भरत होती. गायला उठताना मी ती हिच्या खांद्यांवर टाकली. गाऊन परत आले तरी हिच्याच अंगावर होती. इथे खांदे मोकळे दिसतायत."

"म्हणजे हे तुझ्या गाण्याच्या आधीचं," धाकटी म्हणाली. "कॅमेरावाले नुसत्या टाळ्या टिपत होते, तेव्हाचं. कापून तुझ्या गाण्याला जोडलंय."

"तेव्हा डोळे फिरवायला काय झालं होतं?"

"रिकाम्या स्टेजसाठी सातव्यांदा टाळ्या वाजवायला लावल्या. तूही फिरवलेस की."

"मी आठव्यांदा फिरवले." थोरलीने दोरा तोडला. "आणि शाल परत का नाही दिलीस?"

धाकटी टाचण्यांच्या डबीत बघू लागली. "धुवायची राहिलीय. तू गात होतीस तेव्हा मी तिलाच नाक पुसलं. दोन्ही टोकांना."

मशीन थांबलं. ह्यांनी तोंड उघडलं होतं, पण माझा पाय वेळेवर त्यांच्या पायावर पडला.

"लोकरीची आहे," थोरली म्हणाली. "कोमट पाण्यात धू. पिळू नकोस. आणि तो पडदा काढ, उजेड अडतोय."

घरी येताना हे म्हणाले, "लिही. गुप्तहेराने चित्र नेमक्या क्षणी थांबवलं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी लिहिलं: केस चौदावी, सुटली. उकल थोरलीची, पुरावा शालीचा, मदत एका अंगठ्याची.