हौदातली खाडी

साल त्र्याहत्तर. सोलापुरात नळ दर तीन दिवसांनी येत होता. अशा एका रविवारी बायको, सोजरबाई, मंडईत गेल्याचं पाहून हिंदुरावांनी घरच्या हौदात पातेलं सोडलं.

कारण तसं गंभीर होतं. रत्नागिरीच्या मित्राने त्यांना सहकुटुंब बोलावलं होतं. त्याच्या शिडाच्या बोटीतून खाडीखाडीने आठ दिवस हिंडायचं, बोट तोच चालवणार. हिंदुरावांनी रजेच्या अर्जात ‘समुद्रपर्यटन’ असं ठळक अक्षरांत लिहिलं, आणि तेव्हापासून कचेरीत लोक त्यांना उठून खुर्ची देऊ लागले. काल मित्राचं पत्र आलं. बोटीच्या पोटाखाली पाच फूट खोल जाणारं लोखंडी पातं आहे आणि ओहोटीला खाडीत पाणी साडेचार फूट. विचार करून कळव.

माघार घेणं म्हणजे कचेरीत पुन्हा नुसता हेडक्लार्क होणं. म्हणून त्यांनी पातेल्याखाली उलथनं उभं बांधलं, आत माणसांऐवजी बटाटे बसवले, आणि ओहोटी आणण्यासाठी हौदातलं पाणी मोरीत ओतायला मोहोळहून आलेल्या मेव्हण्याला, रावजीला, लावलं.

“दाजी, उलथनं घासाय लागलं की!”

“वजन उतरव.”

“ह्यो बारका बटाटा कोण?”

“तू.”

“आन् ह्यो भोपळ्यावानी?”

हिंदुरावांनी पोट आत ओढून घेतलं. रावजीने तो उचलला. पातेलं डुलत मोकळं झालं.

तेवढ्यात सोजरबाई आल्या. हौदात चार बोटं पाणी होतं.

“अवो, नळ परवा येनार! पानी कुटं गेलं?”

“ओहोटी, आक्का,” रावजी म्हणाला.

हिंदुरावांनी घाईघाईने पत्र वाचून दाखवलं. सोजरबाईंनी एवढंच विचारलं, “मग त्ये गेलेलं पानी परत कवा येतं?”

“दिवसातून दोनदा. वेळासुद्धा छापून मिळतात.”

सोजरबाई पिशवीसकट पायरीवर बसल्या. “दोनदा? आन् चुकत न्हाय?”

“नाही.”

“मग आल्यावर निगायचं की! नळ गेल्यावर घागर लावतंय का कुनी?”

हिंदुरावांना झालेला आनंद अर्धं मिनिट टिकला.

“तरी वजन कमी असलेलं बरं,” रावजी तो बटाटा हातात तोलत म्हणाला.

“आन् नळ आल्यावर हौद कोन भरनार?” सोजरबाई म्हणाल्या. “आमी जातो. तुमी ऱ्हावा.”

शुक्रवारी पोरांसह मंडळी रत्नागिरीला गेली. कचेरीच्या लेखी हिंदुराव समुद्रावर होते, त्यामुळे ते खिडक्या लावून घरात बसले. सोमवारी नळ आलाच नाही. मंगळवारी प्यायलाही पाणी उरलं नाही. तेव्हा डोक्यावरून टॉवेल ओढून, दोन घागरी घेऊन, ते चार गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक नळावर रांगेला उभे राहिले.

पुढच्या माणसानेही टॉवेल पांघरला होता. रांग सरकली, घागरीला घागर लागली आणि त्याने मागे वळून पाहिलं. आठवडाभर टेंभुर्णीच्या सरकारी दौऱ्यावर असलेले ते त्यांचे साहेब होते.

दोघांनी आपापले टॉवेल आणखी पुढे ओढले.

“काय हिंदुराव,” साहेब हळूच म्हणाले, “समुद्र काय म्हणतो?”

“शांत आहे, साहेब. टेंभुर्णी?”

“ठीक.” साहेब बाजूला सरकले. “तुम्ही आधी भरा. लांबून आलात.”