धुराचा बंदोबस्त

मन्मथअप्पा रोज सकाळी कोरडाच रुमाल वाळत घालतात. बायकी, कोपऱ्यात गुलाबी फूल भरलेला पांढरा रुमाल. दिवसभर तो त्यांच्या फाटकावर लटकतो. संध्याकाळी अप्पा तो उतरवून नाकाशी धरतात, चष्म्याखालून न्याहाळतात आणि भेटेल त्याला त्याच्यावरची काजळी दाखवतात. गल्लीतल्या प्रत्येकाने तो रुमाल पाहिलेला आहे. पाहुण्यांनीसुद्धा.

अप्पा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त करताना खात्याने त्यांची पेन्सिलही काढून घ्यायला हवी होती. दोन वर्षांपूर्वी काकू दम्याने गेल्या आणि अप्पांना आवरणारं घरात कोणी उरलं नाही. आता त्यांचा नमस्कार म्हणजे, "वारं कुठून हाय?" लोक सवयीने "बरं आहे" म्हणतात. अप्पांना ते उत्तर चालत नाही.

मला बघायला जिंतूरहून पाहुणे आले, तेव्हा अप्पा न बोलावता येऊन बसले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात रुमाल. मुलाचं शिक्षण, नोकरी, काही नाही. त्याच्या वडिलांना थेट विचारलं, "घर रोडपासून किती फूट?"

"रोडवरच आहे की! फ्रंटचा प्लॉट," ते अभिमानाने म्हणाले.

अप्पा बाबांकडे वळले. "देऊ नका तिथं लेकरू. सगळ्या खिडक्या रोडला असतील."

पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. मला वाईट वाटलं नाही, पण ते कोणी विचारलंही नाही.

अप्पांचं खरं वैर गल्लीच्या तोंडावरच्या ऑटोथांब्याशी. ताडकळसला जाणारे ऑटो भरेपर्यंत तिथे इंजिन चालू ठेवून उभे असतात आणि धूर वाऱ्यासोबत गल्लीत, म्हणजे आधी आमच्या खिडकीत येतो. आई खोकते. थांबा हलवायचा, रस्ता आणि घरं यांच्यामध्ये झाडांची दाट ओळ लावायची, असा अप्पांचा आराखडा. झाडांचा प्रयोग त्यांनी स्वतःच केला आणि शेळ्यांनी तो संपवला. उरलेल्या काड्यांपाशी उभं राहून अप्पा एका शेळीला वाऱ्याची दिशा समजावत होते. हे मी स्वतः पाहिलंय.

अर्ज टाइप करायला ते माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि मला नाही म्हणता येत नाही.

"लिही माय, धुराचा तातडीनं बंदोबस्त करावा."

मी इंग्रजी शाळेतली. बंदोबस्त मला पोलिसांचा वाटला. मी आपलं शुद्ध मराठी केलं : 'धुराची तातडीने व्यवस्था करावी.'

पालिकेने केली. आठवड्याच्या आत दोन माणसं डास मारायचं धुराचं मशीन घेऊन आली आणि त्यांनी गल्ली पांढरीफटक करून टाकली. "अर्जदार कुठायत?" त्यांनी विचारलं. अर्जदार दिसतच नव्हते. आई तासभर खोकत होती. ऑटोवाल्यांची तर करमणूक झाली, ते अजून ओरडतात, "अप्पा, धूर पुरला का?"

मी गप्प राहिले. वाटलं, चूक कोणाची ते म्हाताऱ्याच्या लक्षातच आलं नसेल.

काल ते दुसरा अर्ज घेऊन आले.

"या बारीला नकाशाच जोडू," ते म्हणाले. "नकाशाला शुद्ध मराठी येत न्हाई."

म्हणजे कळलं होतं. ऑटोवाल्यांचे टोमणे इतके दिवस एकट्याने खाल्ले, माझं नाव कुठे घेतलं नाही.

नकाशा सुंदर होता, हे मला कबूल करावं लागेल. खोकणारं माणूस असलेल्या प्रत्येक घरावर लाल ठिपका. आमच्याही. नवा थांबा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मैदानाच्या अलीकडे दाखवला होता. मी सहसा बोलत नाही. पण बोलले.

"अप्पा, हे तर तुमचं फाटक आहे."

"हाय की. तिथून वारं मैदानाकडं जातंय. मधी एकच घर."

"तुमचं."

ते रुमालाची घडी घालत होते. फूल वर येईल अशी.

"माझ्या घरात आता खोकायलंय कोण?"

मी लॅपटॉप उघडला आणि अर्ज टाइप करायला घेतला. या वेळी बंदोबस्त तसाच ठेवला.